पहिलं एअर पिस्तूल घेताना: मूठ, ट्रिगर, छर्रे आणि बाकीचं सामान

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून रेंजवर येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं पिस्तूल घेऊ? आमचं उत्तर असं की निदान तीन-चार महिने कोणतंच घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरा. त्या काळात तुमच्या तळहाताचा आकार, मनगटाची ठेवण आणि बोटांची लांबी कोचच्या नजरेत भरते. एअर पिस्तुलात नावापेक्षा मूठ आणि ट्रिगर निर्णायक ठरतात, आणि त्या दोन्हींचा निकाल हात तयार झाल्याशिवाय लागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. एअर पिस्तूल हे स्वसंरक्षणाचं हत्यार नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० ते १६० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा ६ जूलच्या आसपास. तेवढ्याने हल्लेखोर थांबत नाही, पण डोळा मात्र कायमचा जाऊ शकतो. लोकांत ते नुसतं बाहेर काढलं तरी बघणाऱ्याला खऱ्या पिस्तुलासारखं दिसतं आणि पुढचं प्रकरण पोलिसांत जातं. संरक्षणासाठी बंदूक हवी असेल तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना, पोलीस तपासणी आणि प्रशिक्षण हा वेगळा रस्ता आहे. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. तरी खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, ओळखपत्र देऊन आणि पक्कं बिल घेऊनच करा. ते बिल पिस्तुलाच्या पेटीत कायम ठेवा. पक्ष्यांवर, खारींवर नेम धरण्याचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यासाठी आहे, आणि चांगला क्लब असं करणाऱ्याला पुन्हा दारात उभं करत नाही.

मूठ

ग्रिप, म्हणजे मूठ, साधारण एक्स-स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत मिळते आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. माप ठरवताना पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, ते हातात घ्या आणि तर्जनी ट्रिगरवर ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाची बाजू लाकडाला घासता कामा नये. घासत असेल तर ट्रिगर दाबताना लाकूडही ढकललं जातं आणि शॉट एका बाजूला जातो. बोट ट्रिगरपर्यंत ओढून न्यावं लागत असेल तर ग्रिप मोठी आहे. ‘हात वाढेल, मोठीच घेऊ’ हा विचार मुलांच्या बाबतीत फार महाग पडतो, कारण चुकीच्या पकडीची सवय सोडवायला पुढे वर्ष जातं.

आता खरी चाचणी. भिंतीवरच्या टार्गेटसमोर नेहमीसारखे उभे राहा, डोळे मिटा, हात सावकाश नेमाच्या उंचीवर आणा, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. फ्रंट साइट (नळीच्या टोकाची नेमाची खूण) मागच्या साइटच्या खाचेत बरोबर मध्ये आहे, पण अख्खं पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे बघतंय, तर दोष उभं राहण्यात आहे. मागचा पाय थोडा सरकवा, मूठ तशीच ठेवा. याउलट फ्रंट साइट खाचेतच एका बाजूला चिकटलेली दिसली, तर दोष मुठीत आहे. हीच चाचणी दहा वेळा करा. दहापैकी आठ वेळा एकाच बाजूला चूक दिसली तरच ग्रिपला हात लावा.

बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत स्क्रू सैल करून ग्रिपचा कोन थोडा बदलता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर जिथे पोकळी राहते तिथे दोन भाग मळून लावायच्या इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर द्या. ती ओली असताना हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून पकड घ्या म्हणजे ठसा उमटतो. वाळल्यावर सँडपेपरने घासा. एका वेळी एकच जागा बदला आणि निदान दोन सराव तसेच करा. एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी बदल केले की कशाने काय झालं ते कळत नाही. खालच्या तळहात-पट्टीने हाताला आधार द्यावा, हात आवळू नये. सरावानंतर करंगळीखाली लाल वळ उठत असेल तर पट्टी दोन मिलिमीटर खाली घ्या.

स्पर्धेच्या नियमातही मुठीला मर्यादा आहे. ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही, हाताला वेढा घालायचा नाही. संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. पुट्टीचे थर वाढवत गेलेल्या ग्रिपा नेमक्या ५० मिलिमीटरच्या रुंदीला अडकतात.

मुठीवर एवढा जोर का

गणित साधं आहे. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३२० मिलिमीटर धरा. फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर सरकली की १० मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर सरकतो. टार्गेटच्या दोन वर्तुळांमधलं अंतर ८ मिलिमीटर असल्याने एवढी चूक दहाचे सहा-सात करते. पण साइट सरळ राहून अख्खा हातच १ सेंटिमीटर हलला, तर छर्रा तेवढाच, १ सेंटिमीटर सरकतो. म्हणून हात थरथरतो याची भीती बाळगू नका, साइट खाचेत राहते का ते बघा. नजर फ्रंट साइटवर असली पाहिजे. टार्गेट धूसर दिसणं हेच बरोबर आहे, आणि काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खाली थोडी पांढरी जागा सोडून धरा. काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा असतो, दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. काळ्यावर काळी साइट धरली की कडा दिसेनाशी होते आणि नजर आपोआप टार्गेटकडे धावते.

ट्रिगर

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन उचलता आलं पाहिजे. स्पर्धेच्या तपासणीत नळी वर करून ट्रिगरला वजन टांगतात. ट्रिगर सुटला तर नापास. बरोबर ५०० वर लावलेला ट्रिगर थंडीत, धुळीने किंवा स्प्रिंग बसल्याने ४९५ होतो, म्हणून ५१० ते ५२० वर ठेवा. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये नवशिक्याने वजनाचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात ठेवावा, म्हणजे ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्यात आणि उरलेलं दुसऱ्यात. दुसरा टप्पा कुठे लागतो ते बोटाला स्वच्छ कळायला हवं. कळत नसेल तर नेमबाज एकदम झटका देतो आणि उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे खाली डावीकडे जमा होतात.

यांत्रिक ट्रिगर की इलेक्ट्रॉनिक? स्टायर एलपी १० यांत्रिक आहे, मोरिनी सीएम १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार स्वच्छ सुटतो, पण त्याला बॅटरी लागते आणि सर्किट बिघडलं तर तालुक्याच्या गावी कुणी दुरुस्त करून देत नाही. तुमच्या रेंजवर ज्या मेकची पिस्तुलं जास्त आहेत तोच मेक घ्या, हा आमचा ठाम सल्ला. सील, स्प्रिंग, सिलिंडर, माहितीचा माणूस, सगळं तिथेच मिळतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं गेली. त्या पातळीवरही हे घडतं, तर सुट्या भागांचा विचार खरेदीच्या दिवशीच करायला हवा. पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ हेही उत्तम आहेत. नव्या आयात पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढेच जाते, आणि त्या वर्गात सगळ्यांचीच नळी नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक असते.

सिलिंडर

पिस्तुलाला जोडलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि १० वर्षांनंतर तो वापरायचा नाही. तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. मोठ्या टाकीवरून भरताना झडप अगदी सावकाश उघडा. भसकन हवा सोडली की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरा. ऑक्सिजन कधीही भरू नका, तेल-ग्रीसशी संबंध आला की स्फोट होतो. मुंबई-कोकणात हातपंपाने भरत असाल तर ओलावा धरणारा फिल्टर लागतोच, नाहीतर पावसाळ्यात रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात) पाणी जमून छर्ऱ्यांचा वेग खालीवर होतो. विदर्भातल्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. विमानाने जाताना तो पूर्ण रिकामा करा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

जुनं पिस्तूल घेताना सगळ्यात आधी सिलिंडरची तारीख बघा. मग सिलिंडर जोडून, काटा टिपून, रात्रभर ठेवा. सकाळी दाब उतरला असेल तर सील गेलं आहे. ते बदलता येतं, पण किंमत त्या हिशेबाने करा. शक्य असेल तर वेगमापकावरून दहा शॉट मारा. वेगात सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर रेग्युलेटरचं काम निघणार.

छर्रे

स्पर्धेसाठी चपट्या तोंडाचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे लागतात. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छर्रे कागद फाडतात, गुण मोजता येत नाहीत. पिस्तुलासाठी हलके घ्या: आरडब्ल्यूएस आर १० पिस्तूल ०.४५ ग्रॅमचे, एच अँड एन फिनाले मॅच पिस्तूल ०.४९ ग्रॅमचे. डब्यात बहुधा ५०० येतात. स्पर्धा ६० शॉटची असते, सरावाचे धरून एका दिवसाला ८० ते १०० जातात, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस गेलात तर जवळपास डबा संपतो. घरात खर्चाचा हिशेब मांडताना हा आकडा पिस्तुलाच्या किमतीइतकाच गंभीरपणे मांडा. पहिल्या वर्षी महागडे मॅच छर्रे नकोत. सरावाचे स्वस्त छर्रे भरपूर आणा, मात्र डब्यातून वाकलेल्या कडांचे वेगळे काढा.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, रेंजवर खाऊ नका, घरी जाण्याआधी साबण आणि थंड पाण्याने हात धुवा. लहान मुलं असलेल्या घरात हे अजिबात सैल सोडू नका.

डोळे, बूट, बाकीचं

चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला हाताच्या अंतरावरची फ्रंट साइट स्पष्ट दिसायला हवी. दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ मिळवून काच करतात. चाळिशीनंतरच्या नेमबाजाचे गुण एकदम घसरतात तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. दुसरा डोळा मिटू नका, त्याने चेहरा ताणला जातो. त्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावता येते. बूट सपाट तळाचे, घोट्याच्या खाली संपणारे हवेत. जॅकेट पिस्तुलाला लागत नाही, त्या नावाखाली पैसे घालवू नका. कानाला मफ घ्या. बाजूला पॉइंट टू-टूची (०.२२ इंच बोअरच्या, काडतुसाच्या बंदुकांची) रेंज असेल तर त्याशिवाय उभंच राहू नये. आणि नळीच्या दोन्ही टोकांतून बाहेर दिसणारी रंगीत सुरक्षा दोरी कायम पिस्तुलासोबत हवी. शूटिंग चालू नसताना ती नळीत असते.

साइटचे स्क्रू एका शॉटवरून फिरवू नका. पाच मारा, घोळक्याचा मध्य बघा, मग फिरवा. स्क्रूवरच्या खुणांचा अर्थ मेकप्रमाणे बदलतो, म्हणून पहिल्या दिवशी मुद्दाम चार क्लिक फिरवून छर्रा कुठे सरकतो ते वहीत लिहून ठेवा.

घरचा सराव

घरी सगळ्यात उपयोगी पडतो तो ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव. पिस्तूल ड्राय फायरवर लावा, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, समोर कोरी पांढरी भिंत घ्या. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलली का, एवढंच बघा. सुटल्यावरही दोन सेकंद तसंच धरून राहा. हात स्थिरावल्यावर ८ ते १० सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या आणि पुन्हा सुरू करा. ताणून धरलेला शॉट जवळजवळ नेहमी वाया जातो. रोज २० मिनिटं पुरे.

घरात छर्रे उडवायचे तर पूर्ण १० मीटर मोकळी जागा, जमिनीपासून १.४० मीटरवर टार्गेटचा मध्य, त्यावर निदान १५०० लक्स प्रकाश आणि मागे खाली झुकवलेला जाड पोलादी पत्रा असलेली पेटी हवी. नुसता उभा पत्रा किंवा विटांची भिंत चालत नाही, छर्रे उलटे येतात. टार्गेटच्या बाजूला दार असेल तर आतून कडी लावा, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाला, खोलीत बसून बघणाऱ्यानेही.