उत्खननस्थळी माहितीपटाचे चित्रीकरण : परवानगी मागताना या चुका टाळा

उत्खनन संचालकांनी फोनवर ‘या की, आमची काही हरकत नाही’ असे म्हटले, म्हणजे परवानगी मिळाली, हा समज सर्वांत महागात पडतो. त्यांच्या संस्थेला मिळालेला परवाना उत्खननाचा असतो. चित्रीकरण ही वेगळी बाब आहे. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी जागा कोणाच्या अखत्यारीत येते, ते पाहावे. स्थळ प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८ च्या कायद्याखाली केंद्र-संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि राज्य-संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जावे लागते. पांढरीचे टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, कोणाच्या सातबाऱ्यावर असल्यास त्या शेतकऱ्याची लेखी संमतीही घ्यावी. ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी चूक मोघम अर्जाची. ‘उत्खननाचे चित्रीकरण करावयाचे आहे’ एवढ्या वाक्यावर कोणताही अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही, कारण त्याला काळजी असते ती चरांच्या कडांची. दोन चरांमध्ये मातीची जी भिंत मुद्दाम राखलेली असते, तिच्या उभ्या छेदावरूनच थरांचा क्रम वाचला जातो. तिच्या काठावर ट्रायपॉडचा पाय रोवला आणि माती ढासळली, तर तो पुरावा पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून माणसे किती, उपकरणे कोणती, कॅमेरा कडेपासून किती अंतरावर राहील आणि प्रखर दिवे वापरणार की नाही, हे स्पष्ट लिहावे. ड्रोनचा उल्लेख शेवटच्या ओळीत उरकू नये. त्याला २०२१ चे ड्रोन नियमही लागू होतात.

अप्रकाशित अवशेषांबाबत मौन बाळगणे हीही चूकच. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले सापडली होती. असे काही कॅमेऱ्यासमोर निघाले, तर संशोधकांनी ते प्रसिद्ध करेपर्यंत आपण दाखवणार नाही, अशी हमी अर्जातच द्यावी. नेमकी जागा ओळखू येईल अशी दृश्येही टाळावीत, कारण गुप्तधनाची अफवा गावात पसरायला वेळ लागत नाही आणि मग रात्री कुदळी चालतात.

पावसाळ्यात काम बंद असते, तेव्हा हंगामाचे नियोजन चालू असतानाच अर्ज द्यावा. उत्तर रखडल्यास नुसती स्मरणपत्रे न धाडता नेमकी कोणती त्रुटी आहे, ते लेखी विचारावे. हरकत फक्त ड्रोनला असेल, तर तो वगळून आणि उत्खनन संचालकांचे ना-हरकत पत्र जोडून सुधारित अर्ज सादर करावा.