रोथेनबुर्गला एका दिवसात जाताय? या चुका टाळा

जर्मनीत राहणाऱ्यांकडे आई-बाबा आले की रोथेनबुर्गची फेरी ठरलेलीच. मात्र पहिली चूक घरबसल्याच होते, ती नावाची. आपल्याला जायचंय ते बायर्न म्हणजे बव्हेरियातलं, टाउबर नदीच्या वर उभं असलेलं तटबंदीचं जुनं गाव. नेकार नदीकाठी रोटेनबुर्ग नावाचं शहर आहे, ते वेगळंच. तिकीट काढताना ‘टाउबर’ हा शब्द दिसतोय ना, एवढं बघा.

बायर्न तिकीट, म्हणजे राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं आणि आयसीई या वेगवान गाडीत मुळीच चालत नाही. श्टायनाखला गाडी बदलावी लागते. ती चुकली तर पुढची साधारण तासाभराने, आणि त्या स्टेशनवर वेळ घालवण्यासारखं काहीही नाही.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर सगळे तडक मुख्य चौकात जातात. दुपारी तिथे सहलीच्या बसगाड्यांची गर्दी असते, पुढे प्ल्योनलाइन तिठ्यावरच्या त्या प्रसिद्ध पिवळ्या घरासमोर तर फोटोसाठी ताटकळावं लागतं. त्यापेक्षा रोडर वेशीपाशी तटबंदीवर चढा. वर छप्पर आहे, तिकीट नाही. जिने मात्र अरुंद आणि उंच, आईचे गुडघे दुखत असतील तर तिला खालूनच न्या. भिंतीत नावं कोरलेले दगड दिसतील. ते मध्ययुगातले नाहीत. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा मोठा भाग जळाला. पुढे जगभरातून आलेल्या देणग्यांतून तट पुन्हा बांधला, त्या देणगीदारांची ही नावं. ‘जसंच्या तसं जुनं गाव’ असं सांगणाऱ्या गाइडवर म्हणून फार विसंबू नका.

चौकातल्या घड्याळाखाली दर तासाला गर्दी जमते. दोन खिडक्या उघडतात, एकीत गाव ताब्यात घेणारा सेनापती टिली, दुसरीत १६३१ साली सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवणारे महापौर नुश. म्हणजे आख्यायिका तशी आहे. बाहुल्या जरा हलतात आणि खेळ खलास. त्यासाठी पाऊण तास उन्हात थांबू नका.

श्नीबाल हा तळलेल्या पट्ट्यांचा गोळा चॉकलेट थापलेला घेतलात तर पस्तावाल. पिठीसाखर भुरभुरलेला साधा घ्या, चव शंकरपाळ्याच्या जवळ जाते. एक गोळा दोघांत पुरतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते सेंट याकोब चर्चचं. लोक तिकीट काढतात, खालचा मोठा आल्टार, म्हणजे वेदीवरचा कोरीव देखावा, बघतात आणि निघतात. खरी गोष्ट मागच्या, पश्चिमेकडच्या सज्जात आहे, जिना चढून. टिलमान रीमेनश्नायडरने १५०० च्या आसपास लिंडनच्या लाकडात कोरलेलं ख्रिस्ताचं शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन. रंग नाही, फक्त लाकूड. आणि मधोमध ख्रिस्त नाही, त्याला दगा देणारा शिष्य यहूदा उभा आहे, हातात पैशांची थैली घेऊन. मीही पहिल्या फेरीत जिना न चढताच परतलो होतो.

रात्री ८ ला पहारेकऱ्याच्या वेशातल्या गाइडची इंग्रजी फेरी निघते, कंदील घेऊन. बसगाड्या गेलेल्या असतात. ती करायची असेल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा, नाहीतर सरळ मुक्कामच करा.