सोसायटीचा नियम न्याय्य आहे का, हे कसे तपासावे

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा टँकरच्या बिलावर अडली, की तीन मागण्या हमखास पुढे येतात. सगळ्यांनी सारखे भरावे; ज्याने जास्त वापरले त्याने जास्त भरावे; आणि ज्यांना परवडत नाही किंवा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना सांभाळून घ्यावे. तिन्ही मागण्या न्यायाच्याच नावाने केल्या जातात आणि तिन्हींत तथ्य असते. न्याय्यतेची व्याख्या आधी करू आणि मग नियम ठरवू, असे म्हणून बसलेली सभा मध्यरात्रीपर्यंत उठणार नाही. सर्व प्रसंगांना पुरेल अशी एकच व्याख्या मिळेल, असे मला वाटत नाही. मात्र समोर आलेला नियम न्याय्य आहे की नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने तपासता येते, आणि ते कसे तपासावे हे येथे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः सोसायटीची घेतली आहेत, कारण तिथला हिशेब प्रत्येकाच्या हातात असतो.

सुरुवात दरमहा येणाऱ्या मेंटेनन्सच्या बिलापासून करावी आणि त्यातली एकेक ओळ सावकाश वाचावी. आदर्श उपविधींनुसार (सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे वगैरेंचा खर्च, प्रत्येक सदनिकेला सारखा येतो, मग ती वन आरके असो की थ्री बीएचके. पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडण्यांची संख्या आणि आकार पाहून ठरतो. इमारतीच्या विम्याचा हप्ता क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीची, वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.२५ टक्के या दराने घेतली जाते. म्हणजे कोणाचीही तक्रार नसलेल्या एकाच कागदावर न्याय्य वाटपाची निदान चार वेगवेगळी मापे शेजारी शेजारी नांदत असतात. त्यामागचे कारण शोधणे, हे तपासणीतले पहिले काम होय. वॉचमन फाटकावर उभा राहतो तो सर्वांसाठी सारखाच. विमा मात्र मालमत्तेचा असतो आणि मोठ्या घरात मालमत्ता अधिक गुंतलेली असते. वाटायचे काय आहे आणि तो खर्च मुळात कशामुळे उद्भवतो, हे आधी विचारावे. माप त्यानंतर निवडावे. बहुतेक सभांत हा क्रम उलटा असतो: आपल्याला कमी पैसे कशात पडतील ते माप आधी निवडले जाते आणि कारण मागाहून शोधले जाते.

याच संदर्भात खाडीपलीकडे नवी मुंबईत पाहण्यासारखे आहे. वाशी-नेरूळमधील सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या) अनेक वसाहतींत सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट मालकांची संघटना असते आणि तिला महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू होतो. या कायद्यानुसार सामाईक खर्च सामाईक मालमत्तेतील प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, त्यामुळे तोच वॉचमनचा पगार ठाण्यातल्या सोसायटीत समसमान भागला जातो, तर वाशीतल्या अपार्टमेंटमध्ये मोठ्या घराच्या मालकाला जास्त भरावा लागतो. दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत आणि माझ्या मते दोन्ही न्याय्यही आहेत. सहकारात सभासद हा घटक असतो व मोठ्या घराच्या सभासदालाही एकच मत मिळते. अपार्टमेंटमध्ये हिस्सा हा घटक असतो आणि बहुमतही हिश्श्यांच्या टक्केवारीवरच मोजले जाते. ज्या मापाने अधिकार मिळतो त्याच मापाने बोजा यावा, ही संगती दोन्हीकडे राखलेली आहे. नियम तपासताना ही संगती शोधावी. मतदानाच्या वेळी 'आपण सारे समान' आणि वर्गणीच्या वेळी 'ज्याचे घर मोठे त्याने उचलावे', असे म्हणणाऱ्याला निदान कारण तरी विचारले गेले पाहिजे.

दुसरे काम जागा बदलून पाहण्याचे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा, की समाजात आपल्या वाट्याला कोणते स्थान येणार हे ठाऊक नसताना माणूस जे नियम मान्य करील, ते न्याय्य समजावेत. सोसायटीत हा विचार चिठ्ठ्यांवर उतरवता येतो. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाई, सहा जणांचे कुटुंब, घर भाड्याने देऊन पुण्यात राहणारा मालक, तळमजल्यावरचा दुकानदार, व्हीलचेअर वापरणारा सभासद, अशा चिठ्ठ्या करून समितीतील प्रत्येकाने एक उचलावी आणि त्या माणसाच्या बाजूने प्रस्तावित नियमावर दोन मिनिटे बोलावे. पोरखेळ वाटेल, पण करून पाहावा.

लिफ्टचा नियम या कसोटीवर घासून पाहू. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, तिचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, असे उपविधी सांगतात. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणतील, की मी पायऱ्याच चढते. परंतु गुडघ्याचे ऑपरेशन झाले की त्यांनाही लिफ्ट लागेल, आणि कोण किती वेळा वर गेले याची नोंद ठेवण्याचा खर्च वाचलेल्या पैशांहून अधिक होईल. रस्त्याकडे स्वतंत्र दार असलेल्या दुकानदाराची तक्रार मात्र इतक्या सहज खोडून काढता येत नाही. माझ्या मते त्याची बाजू खरी आहे आणि नियमाने भांडण मिटवण्यासाठी तिच्याकडे काणाडोळा केला आहे. नियम बहुतांशी न्याय्य असूनही एखाद्यावर थोडा अन्याय करू शकतो, हे मान्य करून ते लिहून ठेवणे चांगले.

बहुमत म्हणजे न्याय, हा समज तिसऱ्या टप्प्यावर बाजूला ठेवावा. घर भाड्याने देणारे सभासद सहसा अल्पसंख्य असतात आणि सभेला हजरही नसतात, त्यामुळे त्यांच्यावर मनमानी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून घेतले जाणारे) लावण्याचे ठराव पूर्वी अगदी रीतसर बहुमताने होत. शेवटी २००१ साली राज्य शासनाने हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा आदेश काढला. ठरावाचा बोजा ज्यांच्यावर पडणार ते सभेत आहेत का आणि त्यांना बोलू दिले गेले का, हे म्हणूनच हात वर करण्यापूर्वी पाहावे.

पार्किंगसारखी वस्तू सर्वांना पुरत नाही आणि तिचे तुकडेही करता येत नाहीत. गाड्या जास्त व जागा कमी असतील तर वर्षापुरती सोडत काढावी, असे उपविधी सांगतात. सर्वांचा हक्क सारखा असेल तेव्हा सोडतीइतके स्वच्छ साधन दुसरे नाही. मात्र व्हीलचेअर वापरणाऱ्या सभासदाला लिफ्टजवळची जागा सोडतीआधीच द्यायला हवी, कारण त्याची गरज इतरांसारखी नाही. समाजाच्या मोठ्या प्रश्नांतही हाच भेद करावा लागतो. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनींवर उभी राहिली. ज्यांची शेते आणि मिठागरे गेली, त्यांना 'तुम्हीही इतरांसारखे घरांच्या सोडतीत अर्ज भरा' असे सांगणे कागदावर समान वागणूक ठरली असती; त्यांचा दावा मात्र गमावलेल्या जमिनीतून आलेला होता. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या भूमिपुत्रांच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. साडेबारा हाच आकडा न्याय्य का, यावर वाद घालता येईल. समान सोडत पुरेशी नव्हती, यावर घालता येणार नाही.

आता टँकरच्या बिलाकडे वळू. समजा, ६० सदनिका आहेत, २४० माणसे राहतात आणि महिन्याचे बिल ९६,००० रुपये आले. घरटी वाटले तर प्रत्येकी १,६०० रुपये होतात. माणशी वाटले तर ४०० रुपये, म्हणजे एकट्या बाईंना ४०० आणि सहा जणांच्या घराला २,४००. माणशी हिशेब अधिक न्याय्य भासतो, पण तो प्रत्यक्षात आणायला सेक्रेटरी वही घेऊन दारात उभे राहतात.

"काकू, तुमच्याकडे हल्ली किती जण?"

"आम्ही दोघंच. मुलगी बाळंतपणाला आली आहे, तिला धरायचं का?"

या प्रश्नाला नीट उत्तर नाही, आणि वर्षभर अशीच मोजदाद करत राहिल्यास शेजारधर्माचे जे नुकसान होईल ते कोणत्याच बिलात दिसणार नाही. निम्मी रक्कम घरटी आणि निम्मी माणशी वाटली, तर एकट्या बाईंना १,००० आणि मोठ्या कुटुंबाला २,००० रुपये येतात. माणसांची संख्या वर्षातून एकदाच, स्वतः लिहून दिलेली धरावी. प्रत्येक घराला मीटर बसवणे शक्य असेल तर तो मार्ग याहून सरस. मात्र उपविधी नळजोडण्यांचा आधार सांगत असल्याने, वेगळी पद्धत आणायची तर उपविधी दुरुस्त करून सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. नुसत्या ठरावावर विसंबू नये.

ठराव लिहिताना निवडलेल्या मापाचे कारण, ज्यांच्यावर अधिक बोजा पडतो त्यांचा आक्षेप आणि नियम पुन्हा तपासण्याची तारीख, या तीनही गोष्टी इतिवृत्तात याव्यात. विरोध असलेल्या सभासदाने तो तोंडी न ठेवता लेखी द्यावा व त्याची पोच घ्यावी, कारण पुढे उपनिबंधक कार्यालयात किंवा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जायची वेळ आली, तर हाच कागद आधी मागितला जातो.