ड्रोन पडला की आधी कागद घ्या, लॉग नंतर उघडा

"मी काहीच केलं नाही, तो आपोआपच पडला." कॅमेरा ड्रोन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. माणूस खोटं बोलत नसतो. पडण्याच्या क्षणी त्याने खरोखरच काही केलेलं नसतं, जे व्हायचं ते मिनिट-दोन मिनिटं आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणून मला मोडलेल्या आर्मपेक्षा (मोटर धरणाऱ्या दांड्यापेक्षा) त्या मिनिट-दोन मिनिटांत जास्त रस असतो. आर्म बदलून मिळतो. सवय मात्र तीच राहिली तर तोच ड्रोन पुन्हा माझ्या टेबलावर येतो. माझ्या धंद्याला ते बरंच आहे म्हणा, पण तुमच्यासाठी ही पद्धत सांगते.

पडल्या पडल्या

मोटरी फिरत असतील तर आधी त्या बंद करा. अडकलेलं पातं फिरवायचा प्रयत्न करत राहिलेली मोटर किंवा तिचा वेग सांभाळणारं सर्किट जळू शकतं. मोटरी बंद करायची रिमोटवरच्या स्टिकची खूण तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असते, ती आजच बघून ठेवा. ड्रोन गवतात उलटा पडून गुरगुरत असताना माहितीपत्रक शोधायला कोणालाच सुचत नाही.

नजरेआड पडला असेल तर ॲपमध्ये शेवटचं ठिकाण दिसतं. तिथवर जा आणि ॲपमधून ड्रोनचा बीप किंवा दिवे चालू करून पाहा. बॅटरी आपटून सुटली असेल तर यातलं काहीच चालणार नाही, मग ड्रोन शेवटी कोणत्या दिशेने जात होता त्या रेषेवर शोधायचं. हाती लागला की उचलण्याआधी फोनने दोन-चार फोटो काढा: कोणत्या बाजूवर पडलाय, पाती कुठे उडालीत, वर कोणती फांदी ताजी मोडलीय. मग बॅटरी काढा. "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबू नका. गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची) बारीक पट्टीसारखी केबल अर्धवट फाटलेली असेल तर चालू होताना गिंबल स्वतःला फिरवून बघतो आणि उरलेली केबलही जाते.

पाण्यात पडला असेल तर बॅटरी लगेच बाहेर काढा. पाणी खारं असेल तर ड्रोन आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ आतल्या सर्किटला खात राहतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उघडूनच साफ करावा लागतो. भिजलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, फुगलेलीही नाही, तळाला खोलगट मार बसलेलीही नाही. अशी बॅटरी घराबाहेर, पेट घेणार नाही अशा जागी ठेवा.

मेमरी कार्डवरची शेवटची क्लिप बहुधा उघडत नाही, कारण वीज तुटल्यावर ती फाइल नीट बंद झालेली नसते. कार्ड फॉरमॅट करू नका. दुरुस्तीनंतर तेच कार्ड त्याच ड्रोनमध्ये घालून चालू केलं की पुष्कळदा ड्रोनच ती फाइल सांधतो. तोवर फोनच्या ॲपमध्ये कमी दर्जाची नक्कल साठलीय का ते पाहा.

कागद

आता खाली बसा आणि लॉग, म्हणजे उड्डाणाची आपोआप साठलेली नोंद, उघडण्याआधी आठवतंय ते हाताने लिहून काढा. उंची किती होती, ड्रोनचं नाक (पुढची बाजू) कुठे होतं, वारा कोणीकडून होता, मोड कोणता, बॅटरी किती, शेवटी कोणती स्टिक कुठे ढकलली होती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही कुठे बघत होता: ड्रोनकडे की स्क्रीनकडे? आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच लिहा. तेही उत्तरच आहे.

हा खटाटोप अशासाठी की लॉग एकदा पाहिला की आठवण त्याच्याबरहुकूम बदलते. मग "हो हो, मला वाटलंच होतं" सुरू होतं. कागदावरचं आणि लॉगमधलं जिथे जुळत नाही, तिथे तुमचा धडा असतो.

एकाने कागदावर लिहिलं होतं: "ड्रोन हळूहळू मागे घेत होतो. त्याने अचानक झेप घेतली आणि झाडावर गेला." लॉग असा होता. उजवी स्टिक मागे, पूर्ण खेचलेली, मध्ये कुठेही सैल नाही. वेग एकसारखा चढत गेलेला. मोड स्पोर्ट, म्हणजे अडथळे ओळखणारे सेन्सर बंद. कॅमेरा हळूहळू खाली झुकत होता, म्हणजे पायलटचं सगळं लक्ष फ्रेमवर. मग एका क्षणात वेग शून्यावर आणि ड्रोन आडवा. झेप कुठेच नाही. स्क्रीनवर समोरचं दृश्य लांब जाताना दिसतं तेव्हा वेग जाणवत नाही, तो "हळूहळू" वाटतो. यातून "नीट बघून उडवा" एवढंच शिकलात तर पुन्हा झाड आहेच. मी त्याला कामाची गोष्ट लिहायला लावली: मागे जाण्याचा शॉट घ्यायचा असेल तर तीच रेषा, त्याच उंचीवरून, आधी नाक पुढे ठेवून उडवायची. मग मोड सर्वात संथ ठेवून शॉट घ्यायचा. एखाद्या वस्तूभोवती गोल फिरतानाही हेच, कारण बऱ्याच मॉडेलना बाजूला डोळेच नसतात. असले तरी विजेची तार, निष्पर्ण फांदी आणि काच त्यांना दिसेलच असं नाही.

लॉग उलटा वाचा

आदळण्यापासून सुरू करून मागे जा आणि सगळं ठीक होतं त्या शेवटच्या क्षणाशी थांबा. तिथे तुमच्याकडे कोणता पर्याय होता ते पाहा. रकाने खूप असतात, पण स्टिक, उंची, वेग, झुकाव, उपग्रहांची संख्या आणि बॅटरीचे व्होल्ट एवढे पुरतात.

वेग एकदम शून्य झाला आणि त्याच वेळी झुकाव वेडावाकडा झाला तर ड्रोन कशाला तरी धडकला. आधी स्वतःभोवती गरगर फिरत खाली आला तर पातं किंवा मोटर गेली. ड्रोनमधला लॉग उंचावरच तुटला असेल तर वीज गेली, आणि तेव्हा बॅटरीचा खटका नीट बसला होता का ते आधी पाहा, कारण किंचित फुगलेली बॅटरी खटक्यातून हळूहळू बाहेर सरकते. (फोनमधला लॉग नुसता सिग्नल गेल्यावरही तुटतो, दोन्हींची गल्लत करू नका.) स्टिक सोडलेल्या असताना ड्रोन मोठमोठी वर्तुळं काढू लागला तर कंपास बिघडलाय.

कंपासवर मात्र उगाच खापर फोडलं जातं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा प्रत्येकाचा कंपास वाकडा. खरा बिघाड असतो तेव्हा तोही बहुधा टेक-ऑफच्या जागेमुळे असतो: गाडीचं बॉनेट, लोखंडी जाळी, सळया घातलेली गच्ची. जागा बदला. कॅलिब्रेशन (कंपास नव्याने जुळवणं) त्या लोखंडावरच उभं राहून केलंत तर पुन्हा कॅलिब्रेशन करेपर्यंत चूक साठून राहते.

परतीचं बटण

रिटर्न टू होमवर माणसं डोळे मिटून विश्वास टाकतात. तो करतो काय, तर ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि होम पॉइंटकडे, म्हणजे त्याने उडताना नोंदवलेल्या परतीच्या जागेकडे, सरळ येतो. यातली "उंची" टेक-ऑफच्या जागेपासून मोजलेली असते. ती हवेच्या दाबावरून काढलेली असते, पायाखालच्या जमिनीशी तिचा संबंध नाही. दरीच्या तोंडाशी उभं राहून ड्रोन उडवला, परतीची उंची ४० मीटर ठेवली आणि मधल्या टेकडीचा माथा तुमच्यापेक्षा ६० मीटर वर असला, तर स्क्रीनवर ४० दिसत असताना ड्रोन टेकडीच्या कुशीत घुसतो. परतीची उंची दर जागी नव्याने ठरवायची: आजूबाजूची सर्वात उंच गोष्ट, अधिक थोडी मोकळीक.

होम पॉइंट नोंदला जाण्याआधी घाईने उडालात तर तो पुढे कुठेतरी, उपग्रह पुरेसे मिळतील तिथे नोंदला जातो. ती जागा तळ्यावरही असू शकते. चालत्या नावेवरून उडवलात तर नाव पुढे जाते, होम पॉइंट मागेच राहतो. आणि पुलाखाली, झाडाखाली किंवा छताखाली उडवताना सिग्नल गेला तर ड्रोन इमानेइतबारे वर चढतो, छत असलं तरी. अशा ठिकाणी सिग्नल गेल्यावर जागच्या जागी थांबण्याची सेटिंग निवडा.

वारा

पाण्यात हरवलेल्या ड्रोनच्या मागे वारा फार वेळा असतो, आणि त्याचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. समजा तुमचा ड्रोन हवेत सेकंदाला १२ मीटर जाऊ शकतो आणि वारा ६ मीटरचा आहे. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरचा वेग १८, परतताना ६. म्हणजे जे अंतर एका मिनिटात गेलात ते परतायला तीन मिनिटं. बॅटरी निम्मी होईपर्यंत पुढे गेलात तर परतीला पुरणारच नाही. वर वारा जमिनीवरच्यापेक्षा जोरात असतो, त्यामुळे हाताला लागणाऱ्या झुळकेवरून अंदाज बांधू नका. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, परतताना तो ढकलतो.

फसलातच तर उंची कमी करा, कारण खाली वारा मंद असतो (खाली काय आहे ते बघून). स्पोर्ट मोड लावा, त्यात ड्रोनला जास्त झुकता येतं आणि वाऱ्याशी झगडता येतं. तरीही अंतर कमी होत नसेल तर घरी आणायचा हट्ट सोडा आणि बॅटरी आहे तोवर मोकळी जमीन बघून उतरवा. बॅटरी तळाला गेली की ड्रोन स्वतःहून उतरू लागतो. बहुतेक मॉडेलमध्ये तेव्हाही स्टिकने त्याला बाजूला सरकवता येतं. हे माहीत नसल्यामुळे माणसं हात बांधून ड्रोनला पाण्यात उतरताना बघतात.

टक्क्यांच्या आकड्यावरही फार विसंबू नका. लिथियम पॉलिमरचा सेल भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट असतो, जास्त व्होल्टेजच्या प्रकारात थोडा वर. थंडीत किंवा बॅटरी जुनी झाल्यावर जोर लावताच व्होल्ट धाडकन खाली येतात आणि ३० टक्के दाखवणारा ड्रोन उतरायला लागतो. लॉगमध्ये सेल वेगवेगळे पाहा. एकच सेल बाकीच्यांच्या पुढे घसरत असेल तर ती बॅटरी बाद करा.

डावं-उजवं उलटं होण्याबद्दल थोडक्यात: नाक तुमच्याकडे असेल तर स्टिक उजवीकडे दाबल्यावर ड्रोन तुमच्या डावीकडे जातो. गोंधळलात की दोन्ही स्टिक सोडा. जीपीएस असेल तर तो उभा राहतो आणि विचार करायला वेळ मिळतो. घाबरलेला अंगठा स्टिक सोडत नाही, म्हणून सोडण्याचाच सराव करा. मोकळ्या मैदानात मुद्दाम वेग घ्या, सोडा, थांबायला किती अंतर लागतं ते पाहा.

पुन्हा उडवण्याआधी

पाती दिसायला धड असली तरी आदळलेला सगळा संच बदला. मधल्या खुंटाजवळ नख फिरवलं की जिथे अडकतं तिथे चीर असते, डोळ्यांना ती दिसत नाही. घड्याळाच्या दिशेची आणि उलट दिशेची पाती वेगळी असतात, खुणा जुळवून लावा, नाहीतर उडता उडताच ड्रोन कुशीवर पडेल. प्रत्येक मोटर बोटाने फिरवा. करकर लागली तर आत वाळू आहे.

पहिलं उड्डाण गवतावर, छातीच्या उंचीपर्यंत, वारा नसताना. स्टिक सोडून उभा ठेवा आणि आवाज ऐका. मग उतरवून बॅटरी काढा आणि चारही मोटरींना बोट लावून बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली असेल तर त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावू नका, ड्रोन पुन्हा उघडा.