डिकीत काय, हाताशी काय: पावसात मांडू-महेश्वरला निघण्याआधी

पावसात घाटात जायचं ठरलं की घरोघरी पहिली चर्चा कपड्यांची होते. ती नंतर करा. आधी हे डोळ्यांपुढे आणा: घाटात पुढे झाड पडलंय, गाड्यांची रांग लागलीय, डिकी उघडली तर बॅगा भिजतील असा पाऊस आहे आणि मागच्या सीटवरचं पोर म्हणतंय, "मळमळतंय." त्या तासाभरात जे लागेल ते हाताशी, बाकी सगळं डिकीत. आमच्याकडे सगळी बांधाबांध याच हिशेबाने होते.

आमचा आवडता फेरा म्हणजे इंदूर, राऊ, महू, जानापाव आणि मांडूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी महेश्वर, आणि परतताना मंडलेश्वरहून जाम दरवाजाच्या घाटाने पुन्हा महू. अंतर काही फार नाही, इंदूर-मांडू जेमतेम शंभर किलोमीटर. पण माळव्याचं पठार संपून निमाड लागतो तो सगळा उतार विंध्याचा, तेव्हा नकाशा दाखवतो त्याच्या दीडपट वेळ धरा आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रात्री भिजल्या रस्त्यावर कडेची पांढरी पट्टी दिसत नाही, आणि चिखल टाळायला गुरं नेमकी डांबरावर येऊन बसलेली असतात.

तारीख ठरवताना आपल्या कॅलेंडरातला श्रावण बघून भागत नाही. इथल्या हिंदी पंचांगातला सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. आपल्याकडे अजून आषाढ चालू असतो आणि ओंकारेश्वर-महेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला निघालेल्या कावडी रस्त्यावर आलेल्या असतात. अनवाणी चालणारी माणसं, त्यांच्या मागे डीजेची गाडी, ठिकठिकाणी वळवलेली वाहतूक. त्यांना आधी वाट द्यायची, हे उघडच आहे. आपल्याला घाई असेल तर शनिवार ते सोमवार सोडून मधले दोन दिवस घ्यावेत. तसंही रविवारी जाम दरवाजापाशी अर्धं इंदूर लोटलेलं असतं. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा ढगात बुडालेला बघायचा तर मधल्या वारीच बघावा.

हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि निघताना पुन्हा, असा दोनदा बघा. नुसता इंदूरचा बघून उपयोग नाही. मांडू धार जिल्ह्यात येतं आणि महेश्वर खरगोनमध्ये, त्यामुळे तिन्ही जिल्ह्यांच्या इशाऱ्यांचे रंग पाहायचे. चोवीस तासांत 64.5 मिमीच्या वर पाऊस म्हणजे खात्याच्या हिशेबात मुसळधार, आणि 115.6 च्या वर अति मुसळधार. ऑरेंज दिसला की आम्ही बेत पुढे ढकलतो. म्हणूनच खोली बुक करताना भाड्याची घासाघीस कमी करा आणि तारीख बदलून मिळेल का ते आधी विचारा. भरलेला ॲडव्हान्स बुडू नये म्हणून माणसं नको त्या पावसात निघतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनात टाकून ठेवा. जानापावसारख्या उघड्या माथ्यावर गडगडाट सुरू झाला तर झाडाखाली न जाता गाडीत बसून काचा वर करायच्या.

आता गाडी. गॅरेजवाल्याकडे निदान आठवडाभर आधी न्या, म्हणजे सांगितलेलं काम होऊन चार दिवस गाडी चालवून बघता येते. टायरच्या खोबणीत 1.6 मिमीचे बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांना टेकलं की टायर बाद. पावसाळी घाटासाठी तेवढी वाट बघू नये, 3 मिमीच्या आसपास आलं की बदलावं. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हे स्वतः बघा. वायपरचं रबर मे महिन्याच्या उन्हात कडक झालेलं असतं, ते दरवर्षी बदलायचं. खर्च किरकोळ आहे. काचेवर आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसी लावा, त्याने आतली हवा कोरडी होते. ढगात हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय बीमचा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर उभ्या गाडीचे. ते लावून गाडी चालवली की आपण कुठे वळतोय हे मागच्याला कळत नाही. आणि ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सारखा ब्रेक दाबून उतरलं तर तो तापतो आणि नेमका शेवटच्या वळणावर दगा देतो. धामनोदच्या अलीकडे गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती अपघात केलेत, ते इंदूरकरांना सांगायला नको.

या भागात दोन गोष्टी फार नडतात, काळी माती आणि रपटा, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. समोरच्या बसला वाट देताना आपण सहज डावी चाकं रस्त्याखाली उतरवतो. उन्हाळ्यात तिथली जमीन दगडासारखी टणक असते, पण पावसात तीच माती चाक गिळते आणि जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकी गाडी खाली बसते. म्हणून डिकीत एक मजबूत दोर, दोन जुनी पोती आणि छोटं फावडं असू द्या. पोती चाकाखाली घालायला. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला बहुधा येतोच, पण दोर त्याच्याकडे असेलच असं नाही.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, मग पुढची जीप गेली असली तरी. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगवून ढकलू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय हे वरून कळत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी पुन्हा फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर आतले दांडे वाकतात, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. पॉलिसी काढून आज रात्रीच बघा.

हाताशी ठेवायच्या पिशवीत प्रत्येकाला एक पंचा, मुलांचा एकेक कोरडा कपड्यांचा जोड, टॉर्च, पॉवर बँक आणि भरपूर पन्न्या. पन्नी म्हणजे आपली प्लास्टिकची पिशवी, इंदुरात तिला दुसरं नाव नाही. ओल्या चपला, भिजलेला रेनकोट, उलटी, फोन, सगळ्याला ती लागते. छत्री घाटातल्या वाऱ्यात उलटी होते, तेव्हा रेनकोटच बरे. आईच्या बीपीच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये आणि त्यांची चिठ्ठी माझ्या पाकिटात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, घाट लागायच्या आधी. घाटात शिरल्यावर घेऊन काही होत नाही. आवळासुपारी आणि आलेपाक वर ठेवा. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि 112, 108 आणि हायवेचा 1033 हे नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डात ठेवा. सुट्टे पैसेही तिथेच, भुट्टेवाल्याकडे रेंज असेलच असं नाही.

खाण्याचं आमच्याकडे ठरलेलं आहे: दशम्या, लसणाची चटणी, गुळांबा, आणि शेव-परमलचा, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा डबा. दशम्या दुधात भिजवलेल्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोमवार आला तर आईसाठी राजगिऱ्याचे लाडू वेगळे. ठेचा नको, बंद गाडीत त्याचा वास सगळ्यांना पुरून उरतो. मांडूत मात्र डबा उघडू नका. तिथे मक्याचे पानिये डाळीबरोबर मिळतात, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले.

मांडूसाठी नुसते चांगल्या पकडीचे बूट हवेत. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरले की त्याचं नाव सार्थ होतं, पण फरशीला शेवाळ धरलेलं असतं, आणि मोबाईल वर धरून उलटं चालणाऱ्यांची तिथे वाण नाही. रूपमतीच्या छत्रीवरून नर्मदा दिसते असं मुलांना सांगून नेऊ नका. श्रावणात बहुतेक वेळा ढगच दिसतो, आणि मग रुसवे काढत बसावं लागतं.

पाण्याच्या कडेला मात्र थट्टा नाही. 2011 च्या जुलैत पातालपाणीला धबधब्याच्या वर उभं असलेलं इंदूरचंच एक कुटुंब लोंढ्यात सापडलं आणि तिघं गेली. वर कुठेतरी पाऊस झाला की उभे आहोत तिथे ऊन असतानाही पाणी चढतं. महेश्वरचंही तेच. वर इंदिरासागर आणि ओंकारेश्वर अशी दोन धरणं आहेत, दारं उघडली की घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात. 2023 च्या सप्टेंबरात तर नर्मदा एवढी आली की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद करावा लागला. भोंगा वाजला किंवा होमगार्डने हात केला की वाद न घालता वर यायचं. आणि थांबू या, परत फिरू या असं गाडीतलं कोणीही म्हणू शकेल, हे निघण्याआधीच बोलून घ्या. आजी म्हणाली तरी, आठवीतली पुतणी म्हणाली तरी.

राहिलं घर. गच्चीच्या मोरीतला कडुनिंबाचा पाला काढा, नाहीतर परत याल तेव्हा छत गळत असेल. गॅस बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे, मुक्कामाचा पत्ता आणि गाडीचा नंबर घरच्या ग्रुपवर. सकाळी सहाला निघा आणि पोहे-जिलबी महूला खा. इंदुरात पोह्यांना थांबलात की ओळखीचं कोणीतरी भेटतं, चहा होतो, आणि राऊ ओलांडायला नऊ वाजतात.