पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटला खोकणं, श्वास आणि उठणं कसं शिकवायचं (ऑपरेशनच्या आधीच!)

सर्जिकल वॉर्डला नवीन आलेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं, पेशंटला जे शिकवायचंय ते ऑपरेशनच्या आधी शिकवा. नंतर तो भुलीच्या गुंगीत असतो, पोटावर टाके, नाकात नळी, हाताला सलाईन, दुखतंय म्हणून वरवरचा श्वास घेत गप पडून राहतो, तेव्हा तुम्ही कितीही समजावलं तरी डोक्यात काही शिरत नाही. आणि नेमकं त्याच पहिल्या एकदोन दिवसांत फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या हवेच्या पिशव्या मिटायला लागतात, कफ साचतो, ऑक्सिजन कमी होतो आणि पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो.

तर आदल्या दिवशी वेळ काढा. पेशंटला टेकून बसवा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा, पोटावरचा हात वर आला पाहिजे, ३ ते ५ सेकंद धरून ठेवायचा आणि तोंडाने सावकाश सोडायचा. असं चारपाच वेळा झालं की मग खोकायचं, नुसतं घशातलं खाकरणं नाही, छातीतून. खोकताना उशी टाक्यांवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची. बहुतेकांना टाके तुटतील अशी भीती असते आणि ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीच विषय काढा, उशीचा आधार असला की ताण कमी होतो हे सांगा आणि उशी हातात देऊन करूनच घ्या. मात्र डोळ्याचं, मेंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन असेल तर मुद्दाम जोरात खोकायला लावू नका, तिथे आधी सर्जनला विचारा.

स्पायरोमीटर, म्हणजे ते बॉलवालं यंत्र, हातात दिलं की खूप जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, आत ओढायचं, आणि तेही हळू. एकदम झटक्यात बॉल वर नेण्यात काही फायदा नाही, वर गेलेला बॉल टिकवून धरण्यात आहे. जागेपणी दर तासाला साधारण १० वेळा, मधेमधे थांबत. चक्कर आल्यासारखं वाटलं तर बाजूला ठेवून साधा श्वास घ्यायचा.

ऑपरेशननंतर हे सगळं करून घ्यायच्या आधी दुखण्याचं औषध पोचलेलं पाहिजे. ० ते १० मधे किती दुखतंय विचारा, गोळी दिली असेल तर अर्धापाऊण तास जाऊ द्या. दुखणाऱ्या माणसाला ‘खोका खोका’ म्हणत उभं राहणं मला तरी बरोबर वाटत नाही, आणि त्याने खोकला निघतही नाही.

पायांचं थोडक्यात. पडल्यापडल्या घोटे वरखाली आणि गोल फिरवायचे, गुडघ्याखाली उशी घालून ठेवायची नाही. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर अजिबात चोळायची नाही, चालवायचंही नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पहिल्यांदा उठवताना घाई नको. कुशीवर वळायचं, हाताने रेटा देत पाय खाली सोडत बसायचं, पोटाच्या जोरावर सरळ उठायचं नाही. दोनचार मिनिटं कडेला बसवा, बीपी आणि नाडी बघा, वरचं बीपी २० किंवा जास्त उतरलं किंवा घाम फुटला तर परत झोपवा. युरिन बॅग कायम मूत्राशयाच्या खालच्या लेव्हलला, चालतानासुद्धा.

आणि ‘समजलं ना?’ असं विचारूच नका, सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा ‘काका, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, एकदा करून दाखवा’ असं म्हणा. चुकलं तर परत वेगळ्या शब्दांत सांगा. घरी जो सांभाळणार आहे त्यालाही त्याचवेळी शेजारी बसवा.

डिस्चार्जच्या वेळी ताप ३८ डिग्री सेल्सिअसच्या वर, जखमेला लाली किंवा पू, धाप, पोटरी सुजणं, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही झालं तर कळवायचं हे लिहून द्या. एक गोष्ट मात्र नीट बसून सांगा. जखमेतून अचानक गुलाबीसर पाणी भसकन आलं, काहीतरी सुटल्यासारखं वाटलं तर जखम उघडतेय असं समजायचं, आणि हे बऱ्याचदा पेशंट घरी गेल्यावरच होतं. आतलं काही बाहेर दिसलं तर हाताने आत ढकलायचं नाही. वॉर्डात असाल तर स्टराइल गॉज सलाईनमधे भिजवून झाका, घरी असतील तर स्वच्छ ओलं कापड. डोकं थोडं वर, गुडघे दुमडून झोपवायचं म्हणजे पोटावर ताण येत नाही, तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही कारण परत ऑपरेशन लागू शकतं, आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची.