अ‍ॅक्सेसमधली सेव्ह केलेली क्वेरी एएसपीतून चालवताना

अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसवर उभी असलेली जुनी एएसपी (सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवून पानं बनवायचं मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र) साइट सांभाळायला मिळाली, तर आधी एक काम करा. स्क्रिप्टमध्ये तुकडे जोडून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची क्वेरी, बनवणं बंद करा आणि ती क्वेरी पॅरामीटरसकट, म्हणजे व्हॅल्यू नंतर भरायच्या जागांसकट, अ‍ॅक्सेसमध्येच सेव्ह करा. जोडलेली क्वेरी युजरच्या नावातल्या एका एकेरी अवतरणचिन्हानेही मोडते, आणि वाईट हेतूने आलेल्याला तीच फट पुरते. पॅरामीटरमधून गेलेला मजकूर मात्र मजकूरच राहतो, आदेश होत नाही. तारखांचा घोळही मिटतो. अ‍ॅक्सेसचा डेटाबेस चालवणारं जेट इंजिन # चिन्हांमधली तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचतं, म्हणून आपण ०५/०३ लिहिलं की ५ मार्चचा ३ मे होतो.

स्क्रिप्टच्या बाजूला एडीओचा (स्क्रिप्टला डेटाबेसशी बोलू देणारी लायब्ररी) कमांड ऑब्जेक्ट घ्या. कमांडटेक्स्टमध्ये क्वेरीचं नाव आणि कमांडटाइप ४, म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर. मग क्रिएटपॅरामीटरने एकेक व्हॅल्यू जोडा: पूर्णांकाचा प्रकार ३, तारखेचा ७, मजकुराचा २०२. मजकुराला आकारही द्यावा लागतो, तो विसरला की अपेंड करतानाच एरर येते.

सगळ्यात जपायचं ते क्रमाला. जेटचा प्रोव्हायडर, म्हणजे एडीओ आणि जेटला जोडणारा दुवा, पॅरामीटरचं नाव बघत नाही, कितवा आला ते बघतो. समजा क्वेरीला ग्राहक क्रमांक आणि विभाग क्रमांक हवेत. दोन्ही पूर्णांक. तुम्ही उलटे जोडलेत तर एरर येणार नाही, भलत्याच ग्राहकाच्या नोंदी शांतपणे पानावर येतील. म्हणून क्वेरीच्या पहिल्याच ओळीत ‘पॅरामीटर्स’ हा शब्द लिहून प्रत्येकाचा प्रकार जाहीर करा, आणि स्क्रिप्टमध्ये तोच क्रम ठेवा.

‘नो व्हॅल्यू गिव्हन फॉर वन ऑर मोर रिक्वायर्ड पॅरामीटर्स’ असं आलं की नवखी मुलं पॅरामीटर मोजत बसतात. तेही मोजा, पण आधी कॉलमच्या नावांचं स्पेलिंग तपासा. जेटला न ओळखता आलेलं प्रत्येक नाव ते पॅरामीटरच समजतं.

शोधाची क्वेरी असेल तर आणखी एक. अ‍ॅक्सेसच्या खिडकीत लाइकबरोबर ‘काहीही मजकूर’ या अर्थाने * चालतो, तीच क्वेरी एडीओतून गेली की % लागतो. त्यामुळे तिकडे छान चाललेली क्वेरी वेबवर एकही नोंद देत नाही. लाइकऐवजी एलाइक वापरा, मग दोन्हीकडे % चालतो.